मोठीमायच्या पदरातलं किटण

माझ्या आईच्या तोंडात आता एकही दात नाही. तिच्या वयाच्या बाया अजून दातानं ऊस सोलतात, तेव्हा वयाचं कारण सांगून मला कोणी गप्प करू नये. आमच्या घरात एक खोटी गोष्ट शिरली, तिला पाट-पाणी मिळालं, आणि तिनं आईचे दात खाल्ले. राग ओसरला की लिहीन असं मी बरेच दिवस म्हणत होते. तो ओसरत नाही असं दिसल्यावर लिहायला बसले.

माझं माहेर पिंपळगाव राजाच्या अलीकडे. वांगी, मिरच्या, सांबार म्हणजे कोथिंबीर, थोडा कापूस. दोन भावांची दोन घरं, मध्ये एक अंगण आणि अंगणात एकच नळ. दोन जावांना भांडायला याहून जास्त काही लागत नाही. थोरली जाऊ म्हणजे माझी मोठीमाय, धाकटी माझी आई; आई तिला बाई म्हणायची. मोठीमाय काळी, ठेंगणी, मोजकं बोलणारी. आई उंच, गोरी आणि तोंडाची फटकळ. आईचे दात म्हणजे ओल्या भुईमुगाचे दाणे, सरळ आणि पांढरे. तिला ते माहीत होतं. ती सगळं तोंड उघडून हसायची आणि हसायला तिला दुसऱ्याची फजिती लागायची.

मोठीमाय भाजलेल्या तंबाखूची मिश्री लावायची. सकाळी लावायची, दुपारी लावायची, करमत नसलं की लावायची. तिचे दात तव्याच्या बुडाच्या रंगाचे झाले होते. एका लग्नात बाया पंगतीची वाट पाहत बसल्या होत्या, मोठीमाय कशाला तरी हसली, आणि आई सगळ्यांदेखत म्हणाली, "बाई, तोंड मिटा जरा. मांडवात अंधार पडला."

मांडव कोसळेल इतक्या बाया हसल्या. मोठीमायही हसली, पदर तोंडाला लावून. त्यानंतर तिला पदराशिवाय हसताना मी पाहिलं नाही. आईनं ते वाक्य पुढं कितीतरी वेळा सांगितलं, दरवेळी नवीन असल्यासारखं, आणि ऐकणारे दरवेळी हसले. मीही हसले. वाक्य चांगलंच होतं.

पुढं गावच्या शाळेत दातांचं फुकट शिबिर भरलं. कुठल्याशा कॉलेजची शिकाऊ पोरं-पोरी गाडीतून खुर्ची आणि मशीन घेऊन आली होती. फुकट असेल तर बाई सुईसुद्धा दोनदा टोचून घेतील, असं आई म्हणायची, आणि खरंच मोठीमाय रांगेत पहिली उभी होती. मी माहेरपणाला आले होते, म्हणून तिच्या चपला सांभाळायला मी.

एका पोरीनं तिला खुर्चीत आडवं केलं, गळ्यात कागदी फडकं बांधलं आणि दात साफ करायचं मशीन लावलं. बारीक शिट्टीसारखा आवाज, पाण्याचा फवारा. मोठीमायच्या खालच्या दातांमागं किटणाचा अख्खा बांध होता, काळापिवळा, दगडासारखा. आमच्याकडे बोअरच्या पाण्यानं तपेलीच्या आत जसा थर बसतो तसाच; थुंकीतला क्षार आणि तोंडातली घाण साचून दगड होतो. तो हिरडीखाली घुसतो, हिरडी सुजते, रक्त येतं, आणि दात धरून ठेवणारं हाड हळूहळू झिजतं. त्याला ना ब्रश पुरतो ना मंजन. तो खरवडूनच काढावा लागतो. हे मला तेव्हा कळत नव्हतं, नंतर कळलं, आणि ज्यांना कळायला हवं होतं त्यांना अजून कळलेलं नाही.

तर त्या बांधाचे तुकडे पडायला लागले. पोरीनं ते ट्रेमध्ये ठेवले. मोठीमायनं जीभ फिरवली, तिला दातांच्या कडा लागल्या, मधल्या फटी लागल्या, आणि फडकं गळ्यात लटकत असतानाच ती उठून बसली.

"माय वं! माह्ये दात तोडले इनं!"

"नाही आजी, हे किटण आहे. दात सगळे जागेवर आहेत. बघा आरशात."

मोठीमायनं आरसा घेतला. जिथं काळं होतं तिथं आता फट दिसत होती.

"मंग ह्या फटी कोठून आल्या?"

"फटी आधीपासूनच होत्या. किटणानं भरलेल्या होत्या."

"भरल्या होत्या तं बऱ्या होत्या! तू कायले उकरल्या?"

पोरगी बिचारी समजावत राहिली. थोडे दिवस थंड लागलं तर झिणझिण्या येतील, मग थांबतील. किटणाच्या आधारानं दात उभे नसतात, किटण असलं की ते उलट लवकर हलतात. मिश्रीचा रंगही सगळा एका दिवसात जायचा नाही, ही सफाई आहे, रंगकाम नव्हे. मोठीमाय ऐकत नव्हती. तिनं ट्रेमधले तुकडे वेचले, पदराच्या टोकात बांधले, आणि माझ्या हातातल्या चपला घेऊन निघाली.

घरी येऊन ती माठातलं पाणी प्यायली आणि कळ मस्तकात गेली. आता तिला पुरावा मिळाला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून ती घरोघरी फिरली. ओट्यावर बसायचं, गाठ सोडायची, तुकडे तळहातावर घ्यायचे. "हे पाह्य. माह्ये दात." बाया ते तुकडे तुरीतले खडे निवडावे तसे बोटांनी फिरवून बघायच्या. मी मध्ये तोंड घातलं, "अहो, तिचे दात मोजा ना, सगळे तोंडात आहेत." एकीनं खरोखरच मोजले. भरले सगळे. त्यावर ती म्हणाली, "मांगून कापले असतीन." झालं. शहाणपणाची हद्द झाली. त्या दिवशी शाळेत एक माणूस फिरकलं नाही आणि ती पोरं दुपारीच खुर्ची गाडीत टाकून निघून गेली.

सगळ्यात जास्त हसली आई. "फुकटात दात कापून आली," म्हणून ती महिनाभर बोलत होती. पण हसता हसता भीतीही तिनंच घेतली. मोठीमायची फजिती झाली हे तिला इतकं आवडलं होतं, की ती फजिती खोटी होती हे मानायला ती तयार नव्हती.

आईला रक्त कधी यायला लागलं ते मला नक्की सांगता येणार नाही. माझ्या लक्षात आलं तेव्हा ती नळावर चूळ भरत होती आणि फरशीवरचं पाणी गुलाबी होतं. ती म्हणाली, ब्रश टोचतो. मग जिथं टोचतो तिथं ती ब्रश फिरवेनाशी झाली, आणि तिथंच जास्त किटण साचलं. मीठ-हळद झाली, लवंगेचं तेल झालं, आणि शेवटी जिच्यावर जन्मभर हसली ती मिश्रीसुद्धा झाली, कारण तिनं हिरडी बधिर होते. तोंडाला वास येऊ लागला. तिला तो कळत नव्हता. पण वडील तिच्याशी बोलताना मान वळवायला लागले.

मी मलकापुरात सासरी. आमच्या घरापासून चालत जाण्यासारखा एक दवाखाना आहे, दातांच्या डॉक्टरीणबाईंचा. मी आईला हट्टानं बोलावून घेतलं आणि जिन्यापर्यंत नेलं. वरून मशीनची शिट्टी ऐकू आली आणि आई पायरीवरच थांबली.

"मले नाही फटी पाडून घ्यायच्या."

"आई, फटी पडत नाहीत. तपेलीचा थर खरवडला तर तपेलीला भोक पडतं का?"

"तपेलीचं तपेलीले. बाईचे तुकडे मी ह्या हातावर घेतले होते."

ती मागं फिरली. पुढच्या खेपेला तर घरातून निघालीच नाही. मी तिला वेडी म्हटलं, ती मला आगाऊ म्हणाली, आणि आम्ही दोघी दिवसभर बोललो नाही.

मग मी मोठीमायला मध्ये घातलं. वाटलं, हिचं ऐकेल. तोवर मोठीमायचं तोंड बदललेलं होतं, मिश्री सुटली होती, दात पिवळसर का होईना स्वच्छ होते. मी म्हटलं, मोठीमाय, तूच सांग हिला. मोठीमायनं आईच्या पाठीवरून हात फिरवला आणि इतक्या मायेनं म्हणाली, "हात लावू देऊ नको वं कोणाले. माह्या वाट्याले आलं ते तुह्या वाट्याले नको." मला ती माया खरी वाटली. आईच्या डोळ्यांत पाणी आलं.

आईचे दात लांब दिसायला लागले. हिरडी खाली सरकत होती. पुढचे दोन तर असे बाहेर आले की ओठ मिटेना. नातेवाईक कसे असतात ते अशा वेळी कळतं. "आता कवळी घे, बत्तिशी दाखवायची हौस होतीच तुले," असं तिच्या सख्ख्या बहिणीनं म्हटलं. मांडवातलं ते वाक्य लोक विसरले नव्हते. आई हसली की कोणीतरी म्हणायचं, मिटा जरा. आईही आता पदर लावून हसायला लागली.

नवसाचे रोडगे होते त्या दिवशी. शेतात पंगत बसली. गोवऱ्यांत भाजलेले रोडगे, वरण, वांग्याची भाजी. आईनं वरणात बुडवून मऊ केलेला तुकडा चावला आणि हात तोंडाशी नेला. दात हातात आला. रक्तसुद्धा फारसं नाही, पिकलेलं बोर गळावं तसा आला. समोर मोठीमाय बसली होती. ती रोडग्याचं करपलेलं कवच पुढच्या दातांनी कडाकडा फोडून खात होती. बाया बघत होत्या, आणि त्यांनी काय निष्कर्ष काढावा? "मशीन लावूनही बाईचे दात टिकले पाह्य. हाडच मजबूत!" मशीन लावल्यामुळे टिकले, असं त्या पंगतीत एकीच्याही डोक्यात आलं नाही.

मग आईला ठणका लागला. रात्रंदिवस रडायला लागली तेव्हा कुठं ती त्या जिन्यावरून वर चढली. दवाखान्यात आम्ही बाकड्यावर बसलो. आतल्या खोलीत मशीन चालू होतं. दारापाशी एक जुन्या काळ्या चपलांचा जोड होता, अंगठा तारेनं बांधलेला. त्या चपला मी ओळखत होते. शाळेत मी सांभाळलेल्या चपलांनाही तशीच तार होती. मशीन थांबलं, कोणी खळखळून चूळ भरली, आणि पदरानं तोंड पुसत मोठीमाय बाहेर आली.

मागून डॉक्टरीणबाई आल्या. त्यांना आमचं नातं काय ठाऊक. त्यांनी आईचं तोंड उघडून बघितलं, एकेक दात हलवून पाहिला, आणि म्हणाल्या, "आधी का नाही आलात? आता खालचं हाडच उरलं नाही. सगळे काढावे लागतील. या आजी बघा, दरवर्षी दिवाळीनंतर येऊन सफाई करून जातात. किती छान ठेवलेत."

दिवाळीनंतर मोठीमाय मलकापुरात भावाकडे राहायला येते हे आम्हाला माहीत होतं. माझ्याकडे चहालाही कधी येत नाही, याचा मला उगाच राग होता.

आई बाकड्यावरून तिच्याकडे बघत राहिली. "बाई, तुमी?"

मोठीमाय खाली बघत म्हणाली, "शिबिरातून आली अन् महिनाभरात माह्यं रक्त थांबलं. तोंडाचा वास गेला. मंग कळलं मले, ते किटणच होतं."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"साऱ्या गावाले दाखोत फिरली होती मी. आता कसं सांगू? लोकं हसले असते."

"गावाले नका सांगू. मले? एका अंगणात राह्यतो आपून."

मला वाटलं मोठीमाय रडेल. पण ती वर बघून, आवाज न चढवता, म्हणाली, "तुले तं मुद्दामच नाही सांगतलं. रोज सकाळी नळावर तुले लाल थुंकताना पाह्यत होती मी. कई कई वाटे, सांगाव. मंग तू हसे कोणावर तरी. अन् मले वाटे, राहू दे."

माझा हात उठला होता. मी म्हटलं, "मोठीमाय, तू माणूस हायेस का?"

"तुह्या मायले इचार," ती म्हणाली, "तिनं मले कई माणसात धरलं होतं का."

आतून हाक आली तशी आई उठली, मोठीमायच्या बाजूनं अंग चोरून गेली आणि खुर्चीत बसली. मोठीमायनं चपला घातल्या आणि ती जिना उतरली. तिची मला कीव येत नाही. येते असं लिहिलं असतं तर मी फार मोठ्या मनाची दिसले असते.

दोन-तीन खेपांत सगळे दात निघाले. आई तेवढे दिवस माझ्याकडे राहिली. तोंडात कापूस, गाल आत गेलेले, हनुवटी नाकाकडे निघालेली. आरशासमोरून जाताना ती मान फिरवायची. मोठीमायबद्दल एक शब्द बोलली नाही. मी मात्र रोज बोलत होते. म्हटलं, गावात पोचू दे, त्याच ओट्यांवर जाऊन सगळं सांगते. आई ऐकून घ्यायची, हो-नाही काही म्हणायची नाही.

तिला गावी सोडायला मी गेले. भावाची बायको, माझी वहिनी, चहा ठेवत होती. नवी सून, लग्नाला फार दिवस झालेले नाहीत. तिच्या हिरड्यांतूनही रक्त येतं, हे तिनंच मला फोनवर लाजत सांगितलं होतं. मी तिला म्हटलं होतं, आईला सोडून परत येताना तुला बरोबर घेऊन जाते, एका खेपेत काम होईल. तिनं पिशवीसुद्धा भरून ठेवली होती.

आजारी माणसाला बघायला येतात तशा बाया जमल्या. मोठीमायही आली, दाराशी बसली. आईच्या तोंडाकडे बघून एकीनं जीभ चावली आणि विचारलं, "मशीन लावलं होतं काय?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई बोलली. शब्द हवेत फसफसत होते, पण कळत होते. "हाव. मशीननंच गेले."

"आई!"

"हिनंच नेलं मले. मी नाही म्हणत होती."

मी ओरडले. सगळं सांगितलं, दवाखाना, दिवाळी, मोठीमायची दरवर्षाची सफाई. बाया माझ्याकडे बघत होत्या, चूक करून वर कांगावा करणाऱ्या पोरीकडे बघावं तशा. मोठीमाय जमिनीकडे बघत होती. कोणीतरी आईला विचारलं, "खरं हाये काय वं?" आईनं मान हलवली. नाही. मोठीमायनं वर बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या दोन जावांचं एकमत झालेलं मी बघितलं.

बाया गेल्यावर मी आईला धरलंच. का खोटं बोललीस?

"लोकं मशीनले हसतीन," ती म्हणाली, "मले काऊन हसू देऊ?"

स्वयंपाकघरात वहिनी पिशवीतले कपडे काढून परत फळीवर ठेवत होती. मी तिला खालच्या आवाजात सांगितलं, आईचं ऐकू नकोस, मी सांगते ते खरं आहे. ती हळूच म्हणाली, "ताई, आपले दात गेल्यावर आई खोटं कायले बोलतीन?" मी बस पकडायच्या आधी तिला पुन्हा एकदा विचारलं. तिनं नुसती मान हलवली, अगदी आईसारखी.

मी चपला घालत होते. वहिनी नळावर चूळ भरत होती आणि आई ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. वहिनी थुंकली. पाणी लाल झालं. आईनं ते बघितलं, मी बघितलं की तिनं बघितलं. ते लाल काय असतं आणि कुठपर्यंत जातं हे त्या गावात दोनच बायांना नक्की माहीत होतं, आणि त्यातली एक ती होती.

"उष्णता असन वं पोरी," आई म्हणाली. "सब्जा भिजवून पेत जा."